कमावतं घर आणि बुटका ओटा

आपलं घर आळशी आहे, हे मास्तरांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर त्यांना ते चांगलंच वाटत होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक बैठकीची खोली आणि एक स्वयंपाकघर. हप्ते फेडता फेडता डोक्यावरचे निम्मे केस गेले आणि उरलेले पांढरे झाले. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी नवराबायकोने काही कारण नसताना सगळ्या घरातून एक फेरी मारली होती. आता हे आपलं, अशी त्यांची भाबडी समजूत. आणि मग एके दिवशी फोनमधल्या एका माणसाने ती समजूत मोडून काढली.

हा माणूस कोट घालायचा. मास्तरांची बायको त्याला सरळ 'कोटवाला' म्हणायची. कोटवाल्याच्या मागे काचेची उंच इमारत असायची आणि तो बोट रोखून बोलायचा. "तुम्ही ज्या घरात राहता, ती मालमत्ता नाही, तो खर्च आहे! जे घर कमावतं, ती मालमत्ता! तुम्ही झोपलेले असताना तुमच्याकडे पैसा येतो का?" मास्तरांची झोप मुळातच दांडगी. इतकी वर्षं आपण एवढे झोपलो आणि सगळं फुकट गेलं, या विचाराने त्या रात्री ते जागेच राहिले.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. आकडेमोड हा काही त्यांचा प्रांत नव्हे, पण रंगांवर हुकमत होती. त्यांनी मोठा कागद घेतला आणि संसाराचा हिशोब जलरंगात मांडला. खर्च तपकिरी, उत्पन्न हिरवं. आपलं घर चांगल्या भाड्याने द्यायचं, आपण लहान घरात थोड्या भाड्यात राहायचं, मधली बचत साठवायची, त्यातून दुसरं घर, दुसऱ्यातून तिसरं. तिसऱ्या घरापर्यंत येईतो हिरव्या रंगाची बाटली संपली. उरलेल्या जागेत त्यांनी एक झाड काढलं आणि त्याला फळांच्या जागी छोटी छोटी घरं लावली. चित्र म्हणून ते खरोखरच सुरेख झालं होतं, ते कुणीही मान्य केलं असतं.

बायकोने ते चित्र बराच वेळ पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी जवळून आणि मग लांबून बघायची तिला सवय.

"छान आहे," ती म्हणाली. "त्या लहान घरातला ओटा केवढा असेल?"

"ओटा?" मास्तर थक्क झाले. "अगं, मी तुला आर्थिक स्वातंत्र्य समजावतोय आणि तू ओट्याचं काय घेऊन बसलीस!"

"बरं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

आता हे ओट्याचं प्रकरण काय, ते सांगायलाच हवं. मास्तर चांगले उंच, दारातून जाताना सवयीने मान वाकवणारे. आणि बायको त्यांच्या खांद्याच्याही खालीच. माहेरी, सासरी, मग दोन भाड्याच्या घरांत, तिने एका लाकडी खोक्यावर उभं राहून स्वयंपाक केला. खोक्यावर चढायचं, फोडणी टाकायची, उतरायचं, मिठाचा डबा घ्यायचा, पुन्हा चढायचं. स्वतःचं घर झालं तेव्हा गवंड्याने विचारलं, "ओटा किती उंच घेऊ?" ती सरळ उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, "हा एवढा." गवंडी म्हणाला, बाई, फार बुटका होईल. ती म्हणाली, होऊ दे. त्या घरात फरशी मास्तरांच्या पसंतीची, रंग मास्तरांच्या पसंतीचा, दिवेसुद्धा मास्तरांच्या पसंतीचे. ओटा तेवढा तिचा. ते खोकं मग मास्तरांनी रंगाच्या बाटल्या ठेवायला घेतलं.

यातलं मास्तरांना काही आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण कोटवाल्याच्या कुठल्याही तक्त्यात ओट्याला रकानाच नव्हता.

रविवारी साडू आले. बायकोच्या बहिणीचा हा नवरा विमा विकायचा आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं मत तयार असायचं. मास्तरांनी चित्र दाखवलं तसा तो सोफ्यावर पुढे सरकून बसला.

"वेडे आहात का? राहतं घर कुणी भाड्याने देतं? डोक्यावर हक्काचं छप्पर, थोडं सोनं, थोडी ठेव, आणि एक चांगला विमा. झालं! माणसाला आणखी काय लागतं?"

"ठेवीवरचं व्याज महागाई खाऊन टाकते," मास्तर म्हणाले. हे वाक्य कोटवाल्याचं.

"आणि भाड्याचं काय? वर्षाचं भाडं घराच्या किमतीने भागून बघा. ठेवीएवढंसुद्धा सुटत नाही!"

"घराची किंमत वाढते ना!"

"वाढू दे की! ती घ्यायला घर विकावं लागेल. विकून राहणार कुठे, त्या झाडावर?"

दोघेही आवाज चढवून बोलत होते आणि खरं सांगायचं तर दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर होतं. चूक असलेलं निम्मं मात्र दोघेही जास्त जोरात सांगत होते. आतून दोघी बहिणी चहा घेऊन आल्या. साडूंनी चहा संपवला आणि जाता जाता ते म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही हो हे. तुम्ही कलावंत माणूस."

झालं! इथे सगळं बिनसलं. 'कलावंत' या शब्दाने मास्तर आयुष्यात इतके कधी दुखावले नव्हते. ते तिथल्या तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "महिन्याभरात हे घर कमावून दाखवतं की नाही बघा!"

दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी हे निवृत्त कारकून. निवृत्तीनंतर हातातून गेलेली सगळी सत्ता त्यांनी या इमारतीत परत मिळवली होती.

"घर भाड्याने द्यायला परवानगी लागते," ते म्हणाले.

"ती घ्यायलाच आलोय."

"परवानगीसाठी मालक इथे राहत नाही, याचा पुरावा लागतो."

"पण मी इथेच राहतो. भाडेकरू मिळाला की जाईन."

"म्हणजे सध्या राहता. मग परवानगी कशी देणार?"

"आणि परवानगीशिवाय भाडेकरू?"

"छे छे, परवानगीशिवाय भाडेकरू कसा!" सेक्रेटरींना धक्काच बसला.

तर अशा रीतीने भाडेकरू मिळायच्या आधीच मास्तरांना स्वतः भाडेकरू व्हावं लागलं. चार गल्ल्या पलीकडे एका निवृत्त नर्सबाईंच्या घराचा वरचा मजला मिळाला. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि नर्सबाईंच्या पुष्कळ सूचना. सर्वांत कडक सूचना भिंतींबद्दल. "भिंतीला काहीही टोचायचं नाही," त्या म्हणाल्या. जन्मभर लोकांना सुया टोचलेली ही बाई, पण भिंतीच्या बाबतीत तिचं काळीज मऊ होतं. मास्तरांची सगळी चित्रं पलंगाखाली गेली. स्वतःचीच चित्रं बघायला त्यांना आडवं पडून पलंगाखाली मान घालावी लागे.

स्वयंपाकघरातला ओटा रीतसर उंचीचा होता. बायकोने एकदा त्याच्यापुढे उभं राहून बघितलं, मग मास्तरांच्या खोक्यातल्या बाटल्या एकेक करून खिडकीत मांडल्या, खोकं पालथं घातलं आणि त्याच्यावर चढून चहा टाकला. ती भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं, कारण भांडणासाठी त्यांनी कोटवाल्याची तीनचार उत्तरं पाठ करून ठेवली होती.

लांब वसतिगृहात असलेल्या मुलीचा फोन आला. "बाबा, मी सुट्टीत येणार. कुठल्या घरी येऊ?"

"थोडे दिवस थांब," मास्तर म्हणाले. "सध्या आपण गुंतवणुकीच्या काळात आहोत."

इकडे जुन्या इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, कुटुंबवालाच ठेवा, एकटे पुरुष भिंती काळ्या करतात. समोरचे म्हणाले, एकटाच ठेवा, कुटुंब आलं की हलत नाही. तळमजल्यावरचे म्हणाले, बदलीची नोकरी असणारा बघा, आपोआप जातो. त्यांच्या बायकोने तिथल्या तिथे सांगितलं, बदलीचा नको, भाडं न देता जातो. मास्तरांनी सगळ्यांपुढे मान डोलावली. खाली उतरेपर्यंत त्यांची मान दुखायला लागली होती.

मग एजंट आला. दोन फोन, पायात सदैव घाई. तो म्हणाला, "घराचे फोटो पाठवा साहेब."

इथे मास्तरांनी जे केलं ते फक्त चित्रकलेचा मास्तरच करू जाणे. त्यांनी फोटो काढलेच नाहीत. फोटोत घराचं व्यक्तिमत्त्व येत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी प्रत्येक खोलीचं यथादर्शन चित्र काढलं, अगदी नियमाप्रमाणे, लांबच्या रेषा एका बिंदूत नेऊन. आणि वर्गात ते मुलांना जे वर्षानुवर्षं सांगत आले, तेच त्यांनी केलं. जागा केवढी आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून चित्रात एक माणूस काढावा. स्वयंपाकघरात त्यांनी ओट्यापुढे उभी एक बाई काढली. दुसरी कुठली बाई त्यांना कुठे ठाऊक होती! त्यांनी आपल्या बायकोलाच काढलं, पाठमोरं, किंचित वळून बघत असलेलं, अगदी हुबेहूब आणि अगदी मापात.

एजंटने ते चित्र दहा ठिकाणी पाठवलं आणि माणसांची रीघ लागली. चित्रातली बाई सगळ्यांना चारचौघींएवढ्या उंचीची वाटली. त्या हिशोबाने स्वयंपाकघर म्हणजे मंगल कार्यालयाचं असावं एवढं दिसत होतं. छत तर कुठल्या कुठे.

पहिलं कुटुंब आलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात थबकला. "हेच का?"

"हेच," मास्तर म्हणाले.

"चित्रात तर इथे कवायत करता आली असती."

त्याची बायको ओट्यापाशी गेली. तिने चाचपून बघायला हात ठेवला आणि कमरेत वाकली, मग आणखी वाकली. पाठीवर हात ठेवून वर आली ती थेट दाराकडे वळली.

त्यानंतर जो कुणी येई तो खोल्यांना बरं म्हणे, उजेडाला छान म्हणे, आणि स्वयंपाकघरात जाऊन कमरेवर हात ठेवून बाहेर येई. एका गृहस्थांनी तर खिशातला मोजपट्टा काढून ओटा मोजला आणि विचारलं, "हा कुणासाठी बांधलाय हो?"

मास्तर त्या दिवशी आधीच चिडलेले होते. "माझ्या बायकोसाठी!"

"अस्सं. मग त्या कुठे असतात?"

"ती भाड्याच्या घरात राहते," मास्तर बोलून गेले.

गृहस्थांनी मोजपट्टा खिशात घातला, मास्तरांकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि जिना उतरून गेले. मास्तरांना त्या नजरेचा राग आला. घरी जाईपर्यंत राग कुठे गेला कुणास ठाऊक, पण नजर तशीच राहिली.

महिना गेला, दुसरा गेला. नर्सबाईंचं भाडं जात होतं, सोसायटीचं मासिक शुल्क जात होतं, रिकाम्या घराचं विजेचं बिलसुद्धा येत होतं. कोटवाला म्हणाला होता तसा मास्तर झोपलेले असताना पैसा चालू होता खरा, फक्त त्याची दिशा उलटी होती. घर रिकामं राहिलं तर काय, हे कोटवाल्याने कधी सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी नवा कागद घेतला, तपकिरी रंग भरायला बसले आणि अर्ध्यात ब्रश ठेवून दिला.

अशात एका संध्याकाळी साडू आले. एकटेच, आणि न कळवता. मास्तर मनातून कंबर कसून बसले. पण साडूंनी नर्सबाईंच्या भिंती बघितल्या, खिडकीतल्या बाटल्या बघितल्या, पाणी प्याले.

"ते चित्र तुम्ही काढलं होतंत ना, घराचं," शेवटी ते म्हणाले, "तसं एक मला काढून द्याल?"

"कशाला?"

"आहे एक फ्लॅट. शहराच्या बाहेर. गुंतवणूक म्हणून घेतला होता. रस्ता होणार होता तिथे." साडूंनी मान खाली घातली. "हप्ते चालू आहेत. भाड्याने कुणी घेत नाही. रस्ता अजून झालाच नाही ना! हिला सांगितलेलं नाही मी."

इतके दिवस मास्तरांनी साडूंना चारचौघांत गप्प करायची स्वप्नं पाहिली होती. आणि आता तो माणूस समोर मुकाट बसलेला बघून त्यांना अगदी वाईट वाटलं. "काढून देतो," ते म्हणाले. "पण आधी तुमच्या बायकोला सांगा. आणि चित्रात माणूस काढायचा नाही, एवढं मी शिकलोय."

दोघेही हसले. त्या घरात आल्यापासून मास्तर पहिल्यांदाच हसत होते.

पण पेच होता तिथेच होता. एजंट म्हणाला, "साहेब, ओटा उंच करा. दोन दिवसांचं काम. पार्टी लगेच मिळते." शेजारीपाजारी सगळ्यांचं याबाबतीत मात्र एकमत झालं, आणि हे एकमत होण्याची त्या इमारतीतली पहिलीच वेळ. मास्तर सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, तोडफोडीला खालच्या मजल्याची संमती लागेल. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, संमती आहे, पण दुपारी मी झोपतो तेव्हा ठोकाठोकी नको. गवंडी म्हणाला, मी दुपारीच मोकळा असतो. मास्तर चार दिवस आजोबांच्या झोपेचा आणि गवंड्याच्या वेळेचा मेळ घालत वरखाली करत होते. अखेर आजोबा पुढच्या सोमवारपासून आपल्या मुलाकडे जाणार असं कळलं आणि गवंडी ठरला.

बायकोला त्यांनी हे शनिवारी सकाळी सांगितलं. ती खोक्यावर उभी राहून भाजी परतत होती.

"सोमवारी ओटा उंच करतोय. मग मिळेल बघ भाडेकरू."

ती मागे वळली. काय बोलणार होती ते मास्तरांना कळलंच नाही, कारण तेवढ्यात खोकं सरकलं. ती पडली ती पाय मुडपून.

हाड मोडलं नव्हतं. नर्सबाई धावत वर आल्या, त्यांनी पाय बघितला, पट्टी बांधली आणि मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं. "यांना त्या खोक्यावर कुणी चढवलं?" मास्तर काय सांगणार, कोटवाल्याने?

पुढचे दोन दिवस मास्तरांनी स्वयंपाक केला. आयुष्यात पहिल्यांदा. भाजी करपली, भाताची पेज झाली, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या उंच ओट्यापुढे त्यांना अगदी आरामात उभं राहता येत होतं. वाकायला नको, चढायला नको, हात पुढे केला की सगळं हाताशी. ओटा मापाचा असला की काम किती सोपं होतं, हे त्यांना आता कळलं. त्यांनी मागे वळून बघितलं. पलंगावर पाय लांब करून बसलेली बायको मुकाट्याने पेजेचा भात खात होती.

"चांगला झालाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली. हे साफ खोटं होतं.

मास्तरांनी गवंड्याला फोन लावला आणि सोमवारचं काम पुढे ढकललं. का ढकललं ते त्याला सांगता आलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. बायको पुन्हा कामावर जायला लागली, किंचित लंगडत. आणि त्याच आठवड्यात एजंटचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"साहेब, पार्टी मिळाली! भाडं तुम्ही म्हणाल ते. घासाघीस नाही. अनामत रोख. एकच अट आहे, ओट्याला हात लावायचा नाही. त्यांना ओटा फार पसंत आहे!"

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. अखेर जिंकलो! कोटवाला जिंकला, चित्र जिंकलं, कलावंत जिंकला. त्यांनी ही बातमी संध्याकाळी बायकोला सांगितली आणि सांगता सांगता त्यांचा आवाज का कोण जाणे बसत गेला. कुणीतरी दुसरीच बुटकी बाई त्या ओट्यापुढे उभी राहणार होती, कोपर वाकवून, आरामात.

"भेटायला कधी जायचं?" बायकोने विचारलं.

"उद्या सकाळी. तू येतेस?"

"मला सकाळीच निघायचंय. तुम्ही जा. इस्त्रीचा शर्ट घाला."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. जिन्यात एजंट भेटला. त्याच्या हातात करारनामा होता आणि कपाळाला आठ्या. "पार्टी वर गेलीय साहेब. बाई आहेत. पण मी त्यांना कुठेतरी पाहिलंय, कुठे ते आठवत नाही."

दार उघडंच होतं. रिकाम्या घरात चहाचा वास येत होता. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आले, सवयीने मान वाकवली, आणि तशीच राहिली ती.

ओट्यापुढे त्यांची बायको उभी होती. पाठमोरी, किंचित वळून बघत.

"आठवलं!" मागून एजंट ओरडला. "जाहिरातीतल्या बाई!"

"बसा," बायको म्हणाली. "म्हणजे, उभेच राहा, खुर्च्या नाहीत. चहा होतोय."

"अगं," मास्तर म्हणाले, "हे काय?"

"घर बघायला आलेय. जाहिरात बघितली. आवडली." तिने पर्समधून पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "ही अनामत. माझ्या पगारातली साठवलेली आहे. भाडं दर महिन्याला देईन. तुमच्या कोटवाल्याने सांगितलंय ना, भाडं देणारा मिळाला की घर कमावतं होतं? झालं कमावतं. आता त्याला कुणी आळशी म्हणायचं नाही."

"पण हे पैसे तर आपल्याच..."

"ते मला हिशोबाचं कळत नाही," ती म्हणाली, आणि तिने गॅस बारीक केला. "मला एवढंच कळतं की चित्रात मी इथे दिसते. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. आणि घरात मी नाही. एवढी खोटी जाहिरात करायची नसते हो."

मास्तरांनी पाठ केलेली कोटवाल्याची उत्तरं इथे उपयोगाची नव्हती. ते दारात उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला काही नव्हतं, घर अगदी रिकामं होतं.

"मी गवंड्याला सोमवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं," एवढंच ते म्हणाले.

"ठाऊक आहे. तो आमच्या दुकानात चष्मा करायला आला होता."

एजंटला या सगळ्यात कुणाचं काय चाललंय ते नीटसं कळलं नव्हतं, पण धंद्याचं भान त्याने सोडलं नाही. त्याने करारनामा ओट्यावर पसरला, वाकला, कमरेवर हात ठेवला आणि पेन काढलं. "दलाली दोन्ही पार्ट्यांकडून घेतो मी, आधीच सांगून ठेवतो. बरं, बाई, राहणार किती जण?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. आधी जवळून पाहावं तसं, मग लांबून पाहावं तसं.

"दोन," ती म्हणाली. "मुलगी सुट्टीत आली की तीन. मालकांना राहायचं असेल तर राहू देत, पण दोन अटी आहेत लिहा. भिंतींना हवे तेवढे खिळे ठोकायचे. आणि संध्याकाळची भांडी त्यांनी घासायची."

मास्तरांनी सही केली.

सेक्रेटरींना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस नियमांची पुस्तिका चाळत होते. मालक आपल्याच भाडेकरूच्या घरी राहायला आला तर काय करायचं, हे तिच्यात कुठेच नव्हतं. साडूंनी आपल्या बायकोला फ्लॅटचं सांगितलं, तिने आठवडाभर अबोला धरला आणि मग दोघं मिळून तो विकायच्या मागे लागले. नर्सबाईंनी जाताना भिंती तपासल्या, एकही भोक सापडलं नाही, आणि त्यांनी खूश होऊन खोकं ठेवून घेतलं.

परत आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर मास्तर बाह्या सरसावून ओट्यापुढे उभे राहिले. नळ सोडला, भांड्यांना हात घालायला वाकले, मग आणखी वाकले. चौथ्या ताटाला कंबर बोलायला लागली. बायको टेबलाशी बसून पाय लांब करून बघत होती.

"फार बुटका आहे का?" तिने विचारलं.

"छे," मास्तर म्हणाले, आणि पाचवं ताट घेतलं. "अगदी मापात आहे."